संरक्षणाचा खर्च कोणी करावयाचा?

(महिला मेळाव्यात केलेले भाषण)



आज मी आपणांपुढे पैशाविषयी बोलणार आहे. घरातील मारहाणीचा विषय निघाला म्हणजे आपण शीलाविषयी, संस्काराविषयी आणि दारूविषयी बोलतो. ते बोलणे अवश्य आहे. परंतु अपरात्री, अंगावर वळ आणि कडेवर लेकरू घेऊन जी स्त्री उंबरठ्याबाहेर पडते, तिला त्या घटकेस उपदेश काय कामाचा? तिला हवी असते सुरक्षित खोली, जखम पाहणारा डॉक्टर, तक्रार लिहून घेणारा अधिकारी आणि न्यायालयात तिची बाजू मांडणारा वकील. या चारही गोष्टींना पैसा लागतो. तो कोणी द्यावयाचा?

या प्रश्नाचे उत्तर बाबासाहेबांनी फार पूर्वीच देऊन ठेवले आहे. १९२८ साली मुंबई विधिमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूतिरजेचे विधेयक चर्चेस आले. रजेच्या काळातील वेतनाचा बोजा मालकांवर का, असा आक्षेप त्यावर होता. बाबासाहेबांनी विधेयकास पाठिंबा दिला आणि लोककल्याण राखणे हे मुख्यतः सरकारचे काम असल्याने या खर्चाचा मोठा भाग सरकारनेच उचलावा, असे मत मांडले. जो न्याय प्रसूतेस, तोच न्याय मार खाणाऱ्या स्त्रीस का नसावा? राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदाने स्त्रिया व मुले यांच्यासाठी विशेष तरतूद करण्याचा अधिकार राज्यास दिलेला आहे. तेव्हा ही मदत म्हणजे कोणाचे दान आहे, असे मानून मान खाली घालू नका.

आता कायदा काय सांगतो ते पाहा. घरगुती हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा कायदा २००५ साली झाला व २६ ऑक्टोबर २००६ पासून अंमलात आला. शारीरिक मारहाणीबरोबरच लैंगिक, मानसिक व आर्थिक छळही त्याने हिंसाच मानला. पत्नीप्रमाणेच आई, बहीण व मुलगी यांनाही त्याचा आधार आहे. घर नवऱ्याच्या नावावर असले तरी तेथे राहण्याचा हक्क त्याने स्त्रीस दिला. अर्ज आल्यावर साधारणतः तीन दिवसांत पहिली तारीख द्यावी आणि साठ दिवसांत निकाल देण्याचा प्रयत्न करावा, असे त्याने न्यायदंडाधिकाऱ्यांस सांगितले. प्रत्येक जिल्ह्यात संरक्षण अधिकारी नेमण्याचे कर्तव्य राज्य शासनावर टाकले.

कायदा उत्तम झाला. पण कायद्याच्या पाठीमागे तिजोरी उभी राहिली काय? अनेक ठिकाणी संरक्षण अधिकाऱ्याचे काम आधीच दुसऱ्या कामात बुडालेल्या अधिकाऱ्याच्या गळ्यात अतिरिक्त कार्यभार म्हणून अडकविण्यात आले. ज्याला स्वतंत्र कचेरी नाही, कारकून नाही, प्रवासाला वाहन नाही, त्याने खेड्यातील स्त्रीपर्यंत कधी पोहोचावे? कायदा होऊन वीस वर्षे होत आली, तरी मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयास राज्यांना आदेश द्यावा लागला की, जिल्हा व तालुका पातळीवर संरक्षण अधिकारी नेमा. यातच सर्व काही आले.

काहीच झाले नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. १९८४ साली टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पुढे राज्य शासनाने त्या कामाचा स्वीकार केला. २०१३ साली केंद्राने एक हजार कोटी रुपयांचा निर्भया निधी उभारला. त्यातून २०१५ पासून सखी केंद्रे निघाली. तेथे औषधोपचार, पोलिसांची मदत, कायद्याचा सल्ला, मानसिक आधार व काही दिवसांचा निवारा एकाच छताखाली मिळावा, अशी योजना आहे. अधिक काळ राहावयाचे असल्यास शक्ती सदन आहे. सखी केंद्राचा सर्व खर्च केंद्र शासन देते. शक्ती सदनासाठी महाराष्ट्रात केंद्राचे साठ व राज्याचे चाळीस टक्के, असा वाटा आहे. परंतु निधी मंजूर होणे निराळे आणि तो वेळेवर पोहोचून खर्च होणे निराळे. समुपदेशिकेचा पगार थकला की ती नोकरी सोडते. आणि दारावर पाटी असूनही आत मदत उरत नाही.

२०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत असे दिसले की, शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी केवळ १४ टक्के स्त्रियांनी कोणाची तरी मदत मागितली. उरलेल्या गप्प का राहिल्या? घरची गोष्ट बाहेर नेऊ नये, असे आपणच त्यांना शिकविले, हे एक कारण. गेल्यावर दार उघडेल याची खात्री नाही, हे दुसरे. पहिले कारण आपण दूर करावयाचे आहे. दुसरे शासनाकडून दूर करवून घ्यावयाचे आहे.

म्हणून माझे आपणांस सांगणे आहे की, वस्तीतील प्रत्येक स्त्रीला १८१ हा मदतीचा क्रमांक पाठ करवा. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यान्वये कोणत्याही स्त्रीस, तिचे उत्पन्न कितीही असो, वकील विनामूल्य मिळतो, हे तिला सांगा. मार खाऊन आलेल्या लेकीला समजूत घालून परत पाठवू नका. आणि सुशिक्षित तरुणांनो, माहितीच्या अधिकाराचा अर्ज लिहा. आपल्या तालुक्याचा संरक्षण अधिकारी कोण, तो पूर्णवेळ आहे काय, सखी केंद्रात किती जागा रिकाम्या आहेत, गेल्या वर्षी किती रुपये आले व किती खर्च झाले, असे विचारा. तीस दिवसांत उत्तर देणे त्यांस बंधनकारक आहे. ते उत्तर ग्रामसभेत व वॉर्डाच्या सभेत मोठ्याने वाचून दाखवा.

ज्या हक्काला तिजोरीत जागा नाही, तो हक्क कागदावरच राहतो. ती जागा मागून घेणे आपल्या हाती आहे.

जय भीम!