सूर्यकिरण आणि स्फटिकाचा पातळ थर
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



आपल्यांपैकी कित्येकांच्या गच्चीवर आज सिलिकॉनचे सोलर पॅनेल दिसते. त्यास स्पर्धक ठरू पाहणाऱ्या एका पदार्थाचा परिचय करून देण्याची आज्ञा कार्यकारी मंडळाने मला केली आहे.

पेरोव्हस्काइट हे मूळ एका खनिजाचे नाव. १८३९ साली जर्मन शास्त्रज्ञ गुस्टाव्ह रोझ यांनी उरल पर्वतातील हे खनिज प्रथम वर्णिले. त्याच धाटणीची अणुरचना असलेला, शिसेयुक्त स्फटिक २००९ साली जपानात मियासाका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सौरघटात वापरला. तेव्हा प्रकाशशक्तीचा अवघा ३.८ टक्के भाग विजेत उतरला. आज प्रयोगशाळेतील उत्तम घट २५ टक्क्यांपलीकडे गेले आहेत.

या स्फटिकाचा थर केसाच्या जाडीच्या शंभराव्या भागाहूनही पातळ असतो. प्रकाशाने मुक्त झालेले इलेक्ट्रॉन वाटेतच हरवू नयेत, म्हणून काही संशोधक काचेवर झिंक ऑक्साइडच्या अतिसूक्ष्म तारा वाढवितात. जस्ताच्या क्षाराच्या सुमारे ९० अंश तापमानाच्या द्रावणात त्या शेतातील जोंधळ्याप्रमाणे ताठ उगवतात. त्यांवर लेड आयोडाइडचा पिवळा लेप देऊन काच दुसऱ्या द्रावणात बुडविली, की पिवळा रंग जाऊन गडद तपकिरी स्फटिक तयार होतो. प्रत्येक तार ही इलेक्ट्रॉनांना थेट खाली नेणारी पायवाटच होय.

परंतु येथेच खरी अडचण आहे. तापविले असता झिंक ऑक्साइडच्या सान्निध्यात हाच स्फटिक विघटन पावतो आणि पुन्हा पिवळा पडतो. आधार देणारी भूमीच पीक जाळते! म्हणून तारांवर टायटॅनियम किंवा कथिलाच्या ऑक्साइडचे पातळ कवच चढवितात. दमट हवेचेही भय आहेच. आवरण फुटल्यास विषारी शिसे पावसाच्या पाण्याबरोबर वाहून जाऊ शकते.

शिक्षकाच्या भाषेत सांगावयाचे, तर पहिल्या चाचणीत या विद्यार्थ्याने उत्तम गुण मिळविले. २५ पावसाळ्यांची परीक्षा मात्र अद्याप शिल्लक आहे. सिलिकॉनच्या पॅनेलांना तितक्या वर्षांची हमी मिळते. तेव्हा नव्या वस्तूची जाहिरात वाचताना टक्क्यांबरोबर तिचे आयुष्यही विचारावे. आणि रसायन शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींनी हा टिकाऊपणाचा प्रश्न हाती घ्यावा, अशी इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.