मृत गायकाचा आवाज कोणाचा?



रॅप हा प्रकार आपल्यापैकी अनेकांना निव्वळ गोंगाट वाटतो. वाटो बापडा. आजचा प्रश्न अभिरुचीचा नसून श्रमाच्या मालकीचा आहे.

टुपाक शकूर हा अमेरिकेतील कृष्णवर्णीय रॅप गायक. लास वेगास येथील गोळीबारात जखमी होऊन १३ सप्टेंबर १९९६ रोजी, अवघ्या २५ व्या वर्षी तो वारला. त्याची आई अफेनी ही ब्लॅक पँथर पक्षाची कार्यकर्ती. न्यूयॉर्कमधील कटाच्या खटल्यातून मे १९७१ मध्ये ती निर्दोष सुटली आणि पुढच्याच महिन्यात टुपाक जन्मला. (आपल्या दलित पँथरने १९७२ साली नाव घेतले ते याच पक्षावरून.)

टुपाकच्या मागे अप्रकाशित ध्वनिमुद्रणांचा मोठा साठा उरला. हयातीत निघाले त्याहून अधिक अल्बम त्याच्या मृत्यूनंतर निघाले! २००४ सालचा 'लॉयल टू द गेम' एमिनेम या गोऱ्या रॅपरने सिद्ध केला. नव्या वाद्यमेळाशी जुळावा म्हणून मृताच्या आवाजाची गती व पट्टी बदलण्यात आली. उच्चारांचे तुकडे जोडून, त्याने कधी न उच्चारलेली नावे त्याच्या तोंडी घालण्यात आली. याच अल्बममधील 'घेटो गॉस्पेल' २००५ मध्ये ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेले. ज्या तरुणांनी टुपाक पूर्वी ऐकला नव्हता त्यांच्यापर्यंत तो पोहोचला, हे मी नाकारीत नाही. गाणी कपाटात कुजावीत असे कोण म्हणेल?

अफेनीची संमती होती, हेही खरे. परंतु वारसाला मिळकतीचा हक्क मिळतो. मृताच्या वतीने नवे बोलण्याचा हक्क त्यातून कसा निघतो? कामगाराने निर्मिलेली वस्तू भांडवलदार विकतो, हे आपल्या परिचयाचे आहे. येथे मेलेल्या कामगाराकडून नवे काम करून घेतले जाते, आणि तो संपावरही जाऊ शकत नाही.

एप्रिल २०२४ मध्ये ड्रेक या गायकाने यंत्रनिर्मित टुपाकचा आवाज आपल्या गाण्यात वापरला. वारसांच्या वकिलांनी नोटीस धाडताच ते गाणे मागे घेतले गेले. पण ज्यांच्या वारसांना वकील परवडत नाही त्यांचे काय? २०२३ साली हॉलिवूडमधील नटांच्या संघटनेने ११८ दिवसांचा संप करून, यांत्रिक प्रतिकृतीसाठी अनुमतीची अट करारात घालून घेतली. न्यायालयाच्या दयेवर न विसंबता मिळविलेली ही अट आहे. आपल्याकडील लोककलावंत, शाहीर, वादक यांच्या संघटनांनी तिचा मसुदा मागवून घ्यावा, आणि ध्वनिमुद्रणाच्या करारावर सही करण्यापूर्वी मृत्यूनंतरच्या वापराचे कलम वाचल्याशिवाय राहू नये.