उतारवयातला शिकारी

(वाचनालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दरूप)



शताब्दीच्या व्यासपीठावरून ग्रंथमहिमा सांगावा, अशी माझ्यासारख्याकडून अपेक्षा असणार. हयातभर महाविद्यालयात मराठी शिकविणाऱ्या माणसाने बंदूक, मचाण आणि सांबर यांविषयी बोलावे, हे थोडे विपरीतच दिसते. परंतु आजच्या विषयाचा उगम याच वाचनालयाच्या कपाटात आहे. इथली पुस्तके मी लहानपणी एका निवृत्त शिकाऱ्याला वाचून दाखवीत असे. ते शिकारी म्हणजे माझ्या आईचे वडील. जन्म १९१०चा, व्यवसाय वकिलीचा, आणि कोर्टाला सुटी लागली की मुक्काम रानात.

निजामी राजवटीतले निर्मल ज्यांनी पाहिले असेल, अशी माणसे आता फारशी उरली नाहीत. गाव तसे कलावंतांचे. पोणिकीच्या हलक्या लाकडाची खेळणी आणि सोनेरी रंगकाम यांनी त्याचे नाव दूरवर नेले. पण गावाची वेस ओलांडून उत्तरेला महबूब घाटाकडे निघाले की सागवानाचे रान सुरू होई. १९५६ साली भाषावार प्रांतरचनेत किनवट आणि राजुरा आदिलाबादेतून महाराष्ट्राकडे गेले, मुधोळ नांदेडातून इकडे आले; २०१६ मध्ये निर्मल स्वतंत्र जिल्हा झाला. या फेरफारांत आम्ही मराठी बोलणारे कधी या कागदावर, कधी त्या कागदावर गेलो. रानातल्या वाटा मात्र होत्या तिथेच होत्या. आजोबांना त्या पाठ होत्या. त्यांच्याबरोबर उटनूरकडचा एक गोंड वाटाड्या असे. दोघांचे बोलणे मराठीतच चाले. माग काढण्यात तो गुरू आणि आजोबा शिष्य, हे आजोबा चारचौघांत मान्य करीत. त्या काळच्या एका वकिलाच्या दृष्टीने ही लहान गोष्ट नव्हती.

शिकारीला आपल्याकडे व्यसनात गणले आहे. तरी कौटिल्याने अर्थशास्त्रात व्यसनांची तुलना करताना मृगयेची बाजू घेतली आहे. तिने व्यायाम घडतो, कफ, पित्त आणि मेद झडतो, चल आणि अचल लक्ष्यावर नेम साधतो, भ्यालेल्या आणि चिडलेल्या जनावराचे मन कळते, असा त्याचा युक्तिवाद. शाकुंतलाच्या दुसऱ्या अंकातला सेनापती दुष्यंतापुढे जवळपास हेच बोलतो. आजोबांना तो सेनापती फार प्रिय. मी मात्र शिकवताना नेहमी त्या अंकाच्या आरंभीच्या विदूषकाकडे विद्यार्थ्यांचे लक्ष वेधतो. राजाच्या मागे उन्हातान्हात धावून त्याचे सांधे खिळखिळे झाले आहेत आणि तो तक्रार करतो आहे. आपण त्याला हसतो. पन्नाशीनंतर लक्षात येते की, त्या सबंध अंकात शरीराच्या वतीने बोलणारा तो एकटाच आहे. सेनापतीचा व्यायाम आणि विदूषकाचे सांधे या एकाच देहाच्या दोन अवस्था होत. पहिल्या अवस्थेची शिकार पुष्कळांनी लिहिली. दुसरीची फार थोड्यांनी.

मित्रहो, शिकाऱ्याकडून वय काय काय काढून घेते? आरंभ कानापासून होतो, आणि तो घाव खुद्द बंदुकीचाच असतो. उजव्या खांद्याला दस्ता लावणाऱ्याचा डावा कान नळीच्या तोंडाकडे राहतो. उजव्याला डोक्याचा आडोसा मिळतो. त्यामुळे वर्षानुवर्षे बार काढणाऱ्याचा डावा कान आधी जातो. त्यातही बारीक, उंच आवाज प्रथम हरवतात. पाचोळ्याची कुजबुज, रातकिडे, चितळाची शीळ हे सारे हळूहळू मिटते. सांबराची खर्जातली हाक पुष्कळ काळ टिकते. एक कान गेला की आणखी एक मोठे नुकसान होते. आवाज ऐकू येतो, पण तो कोणत्या दिशेने आला हे कळत नाही. रानात दिशा न कळणे म्हणजे काय, हे सांगायला नको.

मग डोळे. चाळिशी उलटली की रायफलीची खाच, नळीच्या टोकावरची माशी आणि समोरचे जनावर ही तिन्ही एका नजरेत स्पष्ट दिसेनाशी होतात. साठीच्या माणसाच्या नेत्रपटलावर विशीतल्याच्या मानाने सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पोचतो, असे नेत्रवैद्य सांगतात. त्यात मोतीबिंदू आला की चंद्राभोवती खळे पडावे तसे प्रत्येक उजेडाभोवती खळे पडते. गुडघे, दम, खोकला यांचे काय वर्णन करावे! मचाणावर चार-चार तास निश्चल बसायचे, आणि मधुमेहाने दर तासाला लघुशंकेची आठवण करून द्यायची. या एका कारणाने कितीतरी वाघांचे प्राण वाचले असतील. कोणत्याही शिकारकथेत त्याची नोंद सापडणार नाही!

गंमत अशी की, यातल्या कशानेही शिकारीची ओढ कमी होत नाही. आजोबांची तर वाढली होती. हातून निसटत चाललेल्या गोष्टीला माणूस अधिक घट्ट धरतो. पंचावन्नाव्या वर्षी ते चाळिशीत जात नसत तितक्या वेळा रानात जाऊ लागले. आजी म्हणे, "आता हे शिकारीला नाही जात, स्वतःची परीक्षा द्यायला जातात."

१९६६च्या वैशाखातली ती रात्र. पाणवठ्यावर मचाण बांधलेले, चंद्र जवळजवळ पूर्ण. उत्तररात्री सांबर पाण्यावर आले. वाटाड्याने गुडघ्याला बोट लावून खूण केली. आजोबांना पाण्यावरच्या चांदण्यात एक डोलणारा काळा आकार दिसत होता. त्याची कड कुठे संपते ते दिसत नव्हते. माशी तर दिसतच नव्हती. अशा वेळी बोट मागे घ्यायचे असते, हे त्यांनी स्वतः कितीतरी नवशिक्यांना शिकविले होते. त्यांनी बार काढला. जनावर कोसळल्याचा आवाज आला नाही; झुडपे मोडत गेल्याचा आला, आणि तोही फक्त वाटाड्याला.

पहाटे रक्ताचा माग लागला. रक्त काळसर आणि थोडे, म्हणजे घाव पोटात. असे जनावर लवकर मरत नाही. जखमी जनावर शोधून त्याला सोडविणे हे शिकाऱ्याचे पहिले कर्तव्य. आजोबा पहिल्या चढणीवरच दम लागून बसले. पुढच्या नाल्यात गुडघ्याने दगा दिला. शेवटी त्यांनी रायफल वाटाड्याच्या हाती दिली आणि त्याला एकट्याला पुढे पाठविले. तो तिसऱ्या दिवशी परतला. सांबर सापडले नव्हते. त्याने रायफल ओट्यावर ठेवली, पाणी प्याला आणि जायला निघाला. आजोबांनी तीन दिवसांची रोजी पुढे केली, ती त्याने घेतली नाही. नाही म्हणाला नाही, रागावला नाही. फक्त घेतली नाही. त्यानंतर आजोबांनी बंदूक हाती धरली नाही.

यानंतर अठ्ठावीस वर्षे ते जगले. शिकार का सोडली, याची तीन उत्तरे ते देत. पाहुण्यांना सांगत, "कायदा आला." वस्तुतः वन्यजीव संरक्षण कायदा १९७२चा, ते सहा वर्षे आधीच थांबले होते. डॉक्टरांना सांगत, "गुडघे." सांबराची हकीकत त्यांनी मला सांगितली, ती मी चौदा-पंधरा वर्षांचा असताना. तेव्हा बालबुद्धीने मी म्हणालो, "म्हणजे आजोबा, तुम्हाला त्याची दया आली." ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "खोटं कशाला बोलू, बाळ? नजर शाबूत असती तर ते सांबर जागेवर पडलं असतं, आणि मी पुढच्या महिन्यात पुन्हा गेलो असतो. दया आली ती नजर गेल्यावर."

या वाक्याने माझी आजवर पाठ सोडलेली नाही. हात चालेनासा झाल्यावर आलेल्या करुणेची किंमत काय? ती करुणा, की पराभवाला दिलेले सोज्वळ नाव?

जिम कॉर्बेटची पुस्तके मी याच प्रश्नाने पुन्हा वाचली. १८७५ साली जन्मलेला हा माणूस १९२९ मध्ये तल्ला देसच्या नरभक्षकामागे गेला, तेव्हा त्रेपन्न वर्षांचा होता. त्याआधी कुणाची तरी रायफल त्याच्या कानालगत उडाली होती आणि कानात गळू झाले होते. सुजेने एक डोळा मिटलेला, डोक्यात असह्य कळा, अशा स्थितीत तो रात्री-अपरात्री डोंगर चढला. ही कथा त्याने फार उशिरा, १९५४च्या पुस्तकात सांगितली. ठाकची वाघीण त्याने १९३८ मध्ये मारली, त्रेसष्टाव्या वर्षी, आणि नरभक्षकांचा पाठलाग तिथेच थांबविला. पण कॅमेरा त्याने त्याच्या कितीतरी आधी, अंगात पूर्ण ताकद असताना हाती घेतला होता. चॅम्पियन या वनाधिकाऱ्याच्या व्याघ्रचित्रांनी त्याला ती वाट दाखविली. तेव्हा करुणा दुबळेपणातूनच येते, असा नियम करता येणार नाही. आजोबांची तशी आली, एवढेच.

कॉर्बेटने आणखी एक गोष्ट दाखविली, ती मला अधिक मोलाची वाटते. नरभक्षक वाघ हा बहुधा अधू झालेला शिकारी असतो. चंपावतची वाघीण ४३६ माणसांच्या मृत्यूला कारण झाली. १९०७ मध्ये ती पडली तेव्हा तिचे उजव्या बाजूचे वरचे-खालचे सुळे जुन्या गोळीने मोडलेले आढळले. मुक्तेसरच्या वाघिणीचा साळिंदराशी झालेल्या झटापटीत एक डोळा गेला होता आणि अंगात पन्नासेक काटे रुतले होते. पाय थकले, दात मोडले, म्हणून वाघाची भूक संपत नाही. तो मिळेल त्या सावजाकडे वळतो. आजोबांना हा भाग वाचून दाखविला तेव्हा ते म्हणाले, "त्या वाघिणीला पेन्शन नव्हती." मी हसलो. ते हसले नाहीत.

मराठीत या वळणाचे सर्वांत मोठे उदाहरण व्यंकटेश माडगूळकर. तरुणपणी बंदूक घेऊन रानोमाळ हिंडलेला हा लेखक पुढे दुर्बीण आणि चित्रवही घेऊन रानात बसू लागला. त्यांच्या ज्या 'सत्तांतर'ला १९८३ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, ते पुस्तक वानरांच्या टोळीचे आहे. टोळीचा म्होरक्या वयाने आणि झुंजींनी थकतो, बाहेरचे तरणे नर त्याला हुसकावतात आणि नवा सत्ताधीश पिल्लांच्याही जिवावर उठतो. यात दयेचा उमाळा नाही, आणि धिक्कारही नाही. नेम धरणाऱ्या माणसाची एकाग्रता आहे, फक्त शेवटी बार निघत नाही. शिकाऱ्याची नजर शिकारीवाचून जगू शकते, याचा याहून चांगला पुरावा मला ठाऊक नाही. आमच्या वाचनालयात ते पुस्तक आले तेव्हा आजोबा त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तरांचे होते. म्होरक्याच्या पराभवापर्यंत त्यांनी निमूट ऐकले, आणि मग म्हणाले, "बस, आज इतकंच." पुढचे आठ दिवस त्यांनी पुस्तक मागितले नाही. नंतर स्वतःच म्हणाले, "आण. पुढं त्याचं काय होतं ते कळू दे."

रामायणातला दशरथ अशा वेळी आठवल्यावाचून राहत नाही. तरुणपणी शरयूकाठी अंधारात केवळ आवाजावर बाण सोडणारा हा शब्दवेधी राजपुत्र. राम वनात गेल्यानंतर सहाव्या रात्री ती जुनी शिकार त्याला आठवते. तो ती कौसल्येला सांगतो, आणि त्याच रात्री, डोळ्यांपुढे अंधार दाटत असता, मला तू दिसत नाहीस, स्पर्श कर, असे तिला विनवतो. आंधळ्या मातापित्यांचा एकुलता आधार ज्याच्या बाणाने गेला, त्याचीही दृष्टी शेवटी जाते. आजोबांना ही कथा लहानपणापासून पाठ होती. त्यांनी शेवटच्या वर्षांत ती मला एकदाही सांगितली नाही.

आज मी त्या १९६६च्या आजोबांच्या वयाचा आहे. मधुमेह झाला आहे. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू सुरू झाल्याचे नुकतेच कळले. मी कधी चिमणीही मारलेली नाही, तेव्हा माझ्या करुणेची परीक्षा झालेली नाही. १९६५ साली अभयारण्य झालेले आपले कवाल २०१२ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाले. ताडोबा आणि टिपेश्वरकडून वाघ तिथे अधूनमधून येतात. अशी बातमी आली की मी वर्तमानपत्र बाजूला ठेवून उगाच उठतो, अंगणात जातो. रक्तात काही उतरले असेल तर एवढेच.

१९९१च्या उन्हाळ्यात आम्ही घाटाच्या पायथ्याच्या शेतावर मुक्कामाला होतो. आजोबांच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया होऊन गेली होती. भिंगासारखा जाड चष्मा उशाशी ठेवून ते बाजेवर पडले होते. डावा कान पार गेलेला. मध्यरात्रीनंतर रानातून सांबर बोलले, एकदा, थोड्या वेळाने पुन्हा. मला वाटले, ते झोपले आहेत. पण ते उठून बसले होते. त्यांनी माझा हात धरला आणि विचारले, "कुठल्या अंगाला बोललं रे?"

मी हाताने दिशा दाखविली. अंधारात त्यांना ती दिसेना. मग मी त्यांचाच हात धरून त्या बाजूला वळविला. त्यांनी मला बाज फिरवायला सांगितली, उजवा कान तिकडे केला, आणि उजाडेपर्यंत तसेच बसून राहिले.