अंगणातील सदाफुली, घाटातील नरक्या
(पंचायत सदस्य व शिक्षक यांच्या शिबिरातील भाषण)



आपल्यापैकी बहुतेकांच्या अंगणात सदाफुली आहे. मधुमेहावर तिच्या पानांचा काढा घेण्याची प्रथा अनेक देशांत होती. कॅनडातील नोबल व बिअर या संशोधकांनी ती पारखून पाहिली, तेव्हा उंदरांच्या रक्तातील साखर घटली नाही. घटल्या त्या पांढऱ्या पेशी! त्यातूनच १९५८ साली व्हिन्ब्लास्टिन हे कर्करोगावरील औषध हाती आले. मुलांच्या रक्तकर्करोगावर दिले जाणारे व्हिन्क्रिस्टिनही सदाफुलीचेच.

दुसरा वृक्ष आपल्या सह्याद्रीतील नरक्या. मूळचे नंदुरबारचे डॉ. मनसुख वाणी व त्यांचे सहकारी डॉ. वॉल यांनी १९६६ साली अमेरिकेत एका चिनी वृक्षातून कॅम्पटोथेसिन वेगळे केले. पुढे तेच द्रव्य नरक्यात आढळले. त्यापासून आतड्याच्या कर्करोगावरील औषध तयार होते. परंतु मागणी वाढताच घाटातील झाडे बुंध्यापासून तोडली गेली.

म्हणून दोन विनंत्या. शिक्षकांनी गावाला समजावून सांगावे, की ही द्रव्ये शुद्ध करून, मोजून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली शिरेतून दिली जातात. पाने चघळल्याने कर्करोग बरा होत नाही. विषबाधा मात्र होऊ शकते आणि उपचारांचा मोलाचा काळ हातचा जातो. पंचायत सदस्यांनी २००२ च्या जैवविविधता कायद्याखालील लोक जैवविविधता नोंदवहीत अशा वनस्पतींची नोंद करावी आणि तोडीची खबर वनखात्यास तत्काळ द्यावी.

झाडच उरले नाही, तर उद्याचे औषध कोठून येणार?