सुई सुटली, गोळी चुकली



मला रक्तदानावर बोलायला सांगितलंय. आजवर सातशेच्या वर पिशव्या रक्त घेतलेला माणूस म्हणून तो हक्क मला आहेच. पण रक्तावर बोलणारे पुष्कळ आहेत. मी त्यानंतरच्या औषधाबद्दल बोलणार आहे.

मला थॅलेसेमिया मेजर आहे. आठ महिन्यांचा होतो तेव्हापासून दर तीन आठवड्यांनी रक्त चढतं. एका पिशवीत साधारण २०० ते २५० मिलिग्रॅम लोह असतं, आणि जादा लोह बाहेर टाकायची सोय शरीरात नाही. ते यकृतात, हृदयात, ग्रंथींमध्ये साठत जातं. आम्ही प्रोग्रामर याला मेमरी लीक म्हणू. म्हणून लोह काढणारं औषध जन्मभर घ्यावं लागतं. माझी ही औषधं तीनदा बदलली.

पहिलं डेस्फेरल. नांदेडला इतवाऱ्यात आमचं दोन खोल्यांचं घर. रात्री नऊ वाजता अब्बा बाटलीतली पांढरी पावडर पाण्यात विरघळवायचे, अम्मी पोटाच्या कातडीखाली सुई टोचायची, आपा पट्टी लावायची. कमरेला छोटा पंप. आठ-दहा तास, आठवड्यातून पाच रात्री. पोटावर गाठी यायच्या, मी रडायचो. महिनाअखेरीला बाटल्या संपल्या तर मात्र सुट्टी. तेव्हा मला आनंद व्हायचा आणि अब्बा गप्प गप्प असायचे.

मी अकरा वर्षांचा असताना डॉक्टरांनी गोळी सुरू केली. डेफेरिप्रोन. सिप्लाने १९९५ मध्ये ती 'केल्फर' नावाने भारतात आणली होती. अमेरिकेत तिला परवानगी मिळाली २०११ मध्ये. मधल्या काळात टोरंटोत डॉ. नॅन्सी ऑलिव्हिएरी यांचं प्रकरण झालं. या औषधाचा धोका रुग्णांना सांगायलाच हवा असं त्यांचं म्हणणं होतं, तर अपोटेक्स कंपनीने १९९६ मध्ये त्यांच्या चाचण्याच थांबवल्या आणि कायदेशीर कारवाईची तंबी दिली. हे मी फार नंतर वाचलं. आमच्या घरात तेव्हा एवढंच कळलं, की सुई सुटली. अम्मीने मोहल्ल्यात शीरखुर्मा वाटला.

केल्फरचा एक नियम होता. पांढऱ्या पेशी अचानक घसरू शकतात, म्हणून ताप आला किंवा घसा दुखला की गोळी बंद आणि त्याच दिवशी सीबीसी. नांदेडला हा नियम अम्मी सांभाळायची. २००५ मध्ये अकरावीला मी लातूरला आलो. लातूर पॅटर्न, हॉस्टेल, एका खोलीत चौघं. गोळी दिवसातून तीनदा घ्यायची आणि मला कुणाला काही कळू द्यायचं नव्हतं. ऑक्टोबरमध्ये रमजान आला. मी सगळे रोजे धरले आणि दुपारची गोळी सोडली. लोक म्हणायचे, पोरगा किती पक्का आहे! खरं कारण ईमान किती आणि लपवाछपवी किती, हे मला आजही नीट सांगता येणार नाही.

त्याच महिन्यात घसा दुखला. दोन दिवस मी कुणाला सांगितलं नाही आणि सहेरीची, रात्रीची गोळी चालूच ठेवली. तिसऱ्या दिवशी अंग भाजत होतं. रूममेटने मला एसटीत बसवलं आणि लोहा-अहमदपूरच्या त्या खड्ड्यांमधून नांदेडपर्यंत सोबत आला. संध्याकाळच्या सीबीसीत लढणाऱ्या पांढऱ्या पेशी जवळपास नव्हत्याच. दहा दिवस दवाखान्यात. अब्बा उशाशी बसून एवढंच म्हणाले, "अल्ला बीमार कू सहूलत दिया रे, तू खुद कू नै दिया."

केल्फर कायमची बंद झाली आणि सुई परत आली. बारावी आणि नांदेडची इंजिनिअरिंगची पहिली वर्षं पंपावर काढली. २०१० मध्ये डेफेरासिरॉक्स सुरू झालं. दिवसातून एकदा, उपाशीपोटी, पाण्यात विरघळवून. चव खडूसारखी. सुरू करायच्या आधी क्रिएटिनिन तपासलं, मग दर महिन्याला क्रिएटिनिन, लघवीतलं प्रोटीन, यकृताची तपासणी. दुसऱ्या महिन्यात क्रिएटिनिन वाढलं, डोस कमी केला, मग हळूहळू वाढवला. जुलाब-उलट्या झाल्या तर गोळी थांबवून डॉक्टरांना फोन, कारण अंगातलं पाणी कमी झालं की मूत्रपिंडावर ताण येतो. औषध बदललं की तपासण्यांची यादी बदलते. नवीन गोळी हातात घेताना विचारा: आता कोणती तपासणी, किती दिवसांनी, आणि काय झालं तर थांबवायचं?

हे सगळं मला पाठ होतं. तरी पुण्यात नोकरी लागल्यावर मी पाच महिने गोळी घेतली नाही. दुखत काहीच नव्हतं. लोह साठताना दुखत नाही. घरी स्थळं येत होती, फ्लॅटमध्ये कुणी पाकीट पाहिलं तर मी व्हिटॅमिन म्हणायचो. पंप लपवता येत नव्हता, तो घरातल्या तिघांचा होता. गोळी माझ्या एकट्याची होती, आणि एकट्याने मी ती ड्रॉवरमध्ये ठेवून दिली. फेरिटिन १,८०० वरून ४,२०० वर गेलं. हृदयाच्या एमआरआयमध्ये टी-टू-स्टार १४ आलं. ते २० च्या वर असायला हवं.

आता गोळी आहेच, शिवाय रात्री पुन्हा पंप आहे. तिसाव्या वर्षी पुन्हा तोच पट्टा कमरेला. लग्नाआधी मी तिला सगळं सांगितलं आणि तिची एचबीए-टू तपासणी केली. ती मायनर असती तर प्रत्येक गरोदरपणात निम्मी शक्यता मूल माझ्यासारखं होण्याची. माझे अम्मी-अब्बा आते-मामे भावंडं, दोघंही मायनर, दोघांनाही माहीत नव्हतं. मामाची मुलगी करायची रीत आपल्या मराठवाड्यात फक्त मुसलमानांत नाही, तेव्हा शेजाऱ्यांनाही ही तपासणी सांगा. तुमच्यापैकी कुणाच्या सोयरिकीचं चालू असेल तर उद्याच करून घ्या.

गेल्या एमआरआयमध्ये टी-टू-स्टार १७ आलं. सुई आता बायको टोचते. अम्मीपेक्षा तिचा हात जड आहे. अब्बा नांदेडहून रात्री साडेनऊला फोन करतात, "लगाया क्या रे?" मी काही बोलायच्या आत ती मागून ओरडते, "लगाया, अब्बा!"