एका पाटीवर दोन नांवें

आद्य क्रांतिवीर वासुदेव बळवंत फडके ह्यांचा जन्म 1845 सालीं पनवेल तालुक्यांतील शिरढोण ह्या गांवीं झाला. पनवेल शहरांतील नाट्यगृहास त्यांचेंच नांव दिलेलें आहे. नाटकाचें तिकीट खिडकीवर जाऊन काढण्याची रीत श्रोत्यांपैकीं वडीलधाऱ्या मंडळींच्या चांगलीच परिचयाची असेल. खिडकीच्या आंत एक कारकून, त्याच्यापुढें आसनांचा तक्ता, आणि बाहेर रांग. पहिल्या गृहस्थांचें काम उरकल्यावांचून कारकून दुसऱ्याकडे मान वर करून पाहात नसे. आणि म्हणूनच एकाचें तिकीट दुसऱ्याच्या नांवावर पडण्याचा संभव फारसा नसे.

आतां हीच खिडकी संगणकावर उघडावयाची आहे, अशी कल्पना करावी. नवीन पनवेलमध्यें 1999 सालीं स्थापन झालेल्या पिल्लई अभियांत्रिकी महाविद्यालयासारख्या संस्था संगणकाचें उच्च शिक्षण देतात. समजा, अशा शिक्षणाच्या ओघांत एखाद्या विद्यार्थिनीस नाट्यगृहाच्या आसन-नोंदणीची आज्ञावली रचण्याचा पाठ मिळाला, आणि तिनें त्यासाठीं ‘जावा’ ही भाषा निवडली. ही भाषा अमेरिकेंतील सन मायक्रोसिस्टिम्स ह्या कंपनीनें 1995 सालीं प्रसिद्ध केली. जेम्स गॉस्लिंग हे तिचे प्रमुख रचनाकार. लोकांनीं ब्राउझरमधून केलेली विनंती घेऊन तिला उत्तर देणाऱ्या जावाच्या भागास ‘सर्व्लेट’ म्हणतात. तोच ह्या नव्या खिडकीवरचा कारकून.

हा कारकून जुन्या कारकुनाहून एका बाबतींत अगदीं निराळा आहे. सर्व्हर सामान्यतः त्याची एकच प्रत घडवितो, पण तिच्याकडून एकाच वेळीं अनेकांचीं कामें करवून घेतो. प्रत्येक कामाचा ओघ स्वतंत्र चालतो; त्यास ‘थ्रेड’ म्हणजे धागा असें नांव आहे. हात अनेक, परंतु समोरची पाटी एकच, असा हा प्रकार होय. विद्यार्थिनीनें प्रेक्षकाचें नांव व दूरध्वनीचा क्रमांक ह्या सामाईक पाटीवर लिहून ठेवण्याची व्यवस्था केली. त्यानंतर आसन राखावयाचें, आणि शेवटीं पाटीवरचें नांव वाचून तिकीट तयार करावयाचें. तिनें एकटीनें दहा वेळां तपासून पाहिलें. दहाही तिकिटें बिनचूक निघालीं. मग दोन मैत्रिणींनीं एकाच वेळीं बटण दाबलें, आणि पहिलीच्या पडद्यावर दुसरीचें नांव व क्रमांक उमटला!

महाविद्यालयांतील पाठापुरती ही गंमत म्हणतां येईल. परंतु तिकिटाच्या जागीं रुग्णाचा तपासणी-अहवाल किंवा बँकेंतील शिल्लक कल्पिली, म्हणजे तिचें गांभीर्य ध्यानीं येतें. एका घरची खाजगी गोष्ट अनोळखी माणसाच्या हातीं जाते, आणि ती गेली हें त्या घरास कळतही नाहीं.

आज्ञावलींतील अशा दोषास ‘बग’, म्हणजे किडा, असें म्हणण्याचा प्रघात आहे. 9 सप्टेंबर 1947 रोजीं हार्वर्ड विद्यापीठाच्या ‘मार्क टू’ ह्या यंत्रांत खरोखरच एक पतंग अडकलेला सांपडला, आणि तेथील मंडळींनीं तो नोंदवहींत चिकटवून ठेविला. शब्द मात्र त्याहून जुना. एडिसन ह्यांनीं 1878 सालच्या एका पत्रांत यंत्रांतील दोषांस उद्देशून तो योजिला होता. पतंग चिमट्यानें उचलतां आला. सामाईक पाटीवरचा किडा डोळ्यांस दिसत नाहीं. तो दोन धाग्यांमधल्या क्षणांत राहतो.

त्यास धरण्याचें साधन विकास-साधनसंचांत असतें. 1996 सालीं प्राग येथील विद्यार्थ्यांच्या उपक्रमांतून उगम पावलेला ‘नेटबीन्स’, किंवा आयबीएम कंपनीनें 2001 सालीं सर्वांस खुला केलेला ‘एक्लिप्स’, हे असे संच होत. आज्ञावली लिहिणें, चालविणें आणि मध्येंच थांबविणें, हीं तिन्ही कामें त्यांत एके ठिकाणीं होतात. ज्या ओळीवर थांबावयाचें, तेथें खूण करावी. तिला ‘ब्रेकपॉइंट’ म्हणतात. पाटीवर नांव लिहून झालें आहे, पण तिकीट अद्याप तयार झालेलें नाहीं, अशा ओळीवर ती खूण हवी. शिवाय सर्व आज्ञावली न थांबवितां तेवढाच धागा थांबेल, अशी योजना करावी. आतां एका ब्राउझरमधून पहिलें नांव पाठवावें व तो धागा अडवून ठेवावा. दुसऱ्या ब्राउझरमधून दुसरें नांव पाठवावें. त्याचा धागा खुणेवर आला कीं त्यास पुढें जाऊं द्यावें. मग पहिल्याकडे परत यावें. पाटीवरचें नांव बदललेलें स्पष्ट दिसतें.

उपाय सोपा आहे. नांव सामाईक पाटीवर न लिहितां प्रत्येक धाग्याच्या स्वतःच्या कागदावर, म्हणजे त्या कामापुरत्या चलांत, ठेवावें. पण दुरुस्ती म्हणजे खात्री नव्हे. केंट बेक व एरिक गामा ह्यांनीं 1997 सालीं एका विमानप्रवासांत ‘जेयुनिट’ ह्या चाचणी-साधनास आरंभ केला. त्याच्या साहाय्यानें आसनांच्या वहीच्या जागीं चाचणीपुरती नकली वही बसवावी. दोन्ही धागे तेथें येऊन पोहोंचेपर्यंत तिनें कोणासही पुढें सोडूं नये. ही चाचणी आधीं जुन्या, सदोष आज्ञावलीवर चालवून ती तेथें नापास होते हें पाहावें. मग नव्या आज्ञावलीवर चालवावी. सदोष कामासही जी चाचणी उत्तीर्ण करते, तिची साक्ष कवडीमोल होय.

एवढ्यानेंही सर्व दोष संपले असें म्हणतां येत नाहीं. डच संगणकशास्त्रज्ञ एड्स्गर डाइक्स्ट्रा ह्यांनीं बजावलें होतें कीं, चाचणीनें दोष आहे हें सिद्ध होईल, दोष नाहीं हें कधींच सिद्ध होणार नाहीं. तथापि कोणती चाचणी मुळींच पुरेशी नाहीं, हें नाटकवाल्यांस पूर्वीपासून ठाऊक आहे. एकट्या नटानें आरशासमोर म्हटलेलीं भाषणें म्हणजे तालीम नव्हे. प्रवेशांत दुसरें पात्र आल्यावरच चूक उघडी पडते. ती तालमींत उघडी पडावी, तिसऱ्या घंटेनंतर नव्हे.