सिमकार्डाची अदलाबदल आणि पालकांचे क्रमांक

(शिरूर व दौंड तालुक्यांतील प्राथमिक शिक्षकांच्या शिक्षण परिषदेत केलेले भाषण)



आजच्या परिषदेत वाचन, गणित आणि पटनोंदणी अशा मोठ्या विषयांचा ऊहापोह झाला. त्यांच्यामागून जुन्या मोबाईलमधील सिमकार्ड नव्या मोबाईलमध्ये कसे घालावे, हा विषय आपणांस किरकोळ वाटेल. एके काळी मलाही तो तसाच वाटत असे. माझे मत का बदलले, ते प्रथम सांगतो.

मी नवा फोन घेतला, कार्ड काढून त्यात बसविले, एक फोन लावून पाहिला आणि जुना फोन पुसून घरी मुलाच्या हाती दिला. दुसऱ्या दिवशी दुपारी वर्गातील एका मुलीला ताप भरला. तिचे आईवडील उसाच्या फडावर गेलेले. त्यांचा क्रमांक शाळेच्या नोंदवहीत लिहावयाचा राहून गेला होता. तो होता केवळ जुन्या फोनात, आणि तो फोन आदल्या रात्री मीच स्वतःच्या हाताने कोरा केला होता. अखेर एक ग्रामस्थ मोटारसायकलवरून फड शोधीत गेले, तेव्हा आई आली. मुलगी बरी झाली. परंतु ती आईची वाट पाहत पडवीत निजून राहिली होती, ते दोन तास मी विसरलो नाही.

माझी चूक कोठे झाली? कार्डाबरोबर सर्व काही जाते, अशी माझी समजूत होती. वस्तुस्थिती निराळी आहे. दौंड जंक्शनावर वाढलेल्या मंडळींना ती चटकन उमजेल. एका गाडीवरील नावाची पाटी काढून दुसऱ्या गाडीस लावली, तर नाव दुसऱ्या गाडीचे होते. परंतु पहिल्या गाडीतील उतारू आणि त्यांच्या वळकट्या आपोआप इकडे येत नाहीत. सिमकार्ड ही पाटी होय.

या कार्डात एक ओळख-क्रमांक आणि एक गुप्त किल्ली असते. कंपनीची यंत्रणा कार्डाला दर वेळी नवा प्रश्न विचारते. कार्ड त्या किल्लीच्या आधारे उत्तर देते. किल्ली मात्र कधीही बाहेर पडत नाही. आपला दहा आकडी क्रमांक कोणत्या कार्डाचा, ही नोंद कंपनीच्या दप्तरी असते. म्हणूनच कार्ड हरवले तरी तोच क्रमांक नव्या कार्डावर मिळू शकतो. फोनाची ओळख याहून वेगळी. तिला आयएमईआय म्हणतात. तो पंधरा आकडी असून स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश ही बटणे दाबली की पडद्यावर दिसतो. तो आजच वहीत उतरून ठेवावा. फोन चोरीस गेल्यास २०२३ साली सुरू झालेल्या संचार साथी या शासकीय संकेतस्थळावर त्याच आकड्यांच्या आधारे तो बंद करविता येतो.

बटणांच्या जुन्या फोनांत नावे बहुधा कार्डावर साठत. आजच्या फोनांत ती फोनाच्या स्मृतीत किंवा गूगल खात्यात साठतात. छायाचित्रे, पाठांच्या चित्रफिती आणि व्हॉट्सॲपवरील संभाषणे कार्डात नसतात. पहिली सिमकार्डे १९९१ साली जर्मनीतील म्युनिक येथील कंपनीने तयार केली. तेव्हा ती बँकेच्या कार्डाएवढी होती. पुढे आकार घटत जाऊन आजचे नॅनो कार्ड १२.३ बाय ८.८ मिलिमीटरचे झाले. जुने मोठे कार्ड कात्रीने कापून लहान करण्याचा मोह आवरावा. आतील चकती दुखावली तर कार्ड कायमचे निकामी होते. योग्य आकाराचे कार्ड कंपनीच्या दुकानातून घ्यावे.

आता प्रत्यक्ष कृती. प्रथम नावे गूगल खात्यात आणि पालकांचे क्रमांक शाळेच्या नोंदवहीत उतरावेत. संभाषणांची व छायाचित्रांची प्रत काढावी. दोन्ही फोन बंद करावेत. टाचणीने कप्पा उघडून कार्ड काढावे. त्याचा तिरपा कोपरा कप्प्यातील तिरप्या कोपऱ्याशी जुळवून ते नव्या फोनात ठेवावे, जोर करू नये. फोन सुरू झाल्यावर एक फोन व एक लघुसंदेश करून पाहावा. यूपीआयची नोंदणी नव्या फोनात पुन्हा करावी लागते. तीसाठी त्याच कार्डावरून लघुसंदेश जातो. दोन कार्डे असल्यास बँकेशी जोडलेले कार्डच निवडावे. आठवडाभर सर्व सुरळीत चालल्याची खात्री झाल्यावर, आपली खाती बंद करून, मगच जुना फोन पुसावा.

कंपनीकडून नवे कार्ड घेतल्यास पहिले २४ तास लघुसंदेश बंद राहतात. हे बंधन लबाडी रोखण्यासाठी आहे. ज्या दिवशी ओटीपी घालून माहिती भरावयाची आहे, त्याच्या आदल्या दिवशी कार्ड बदलू नये. उलट, आपण काही न करता फोनाचे नेटवर्क अकस्मात गेले आणि परत येईना, तर आपल्या क्रमांकाचे दुसरे कार्ड कोणी काढले की काय, ही शंका घ्यावी. दुसऱ्या फोनावरून कंपनीस व बँकेस कळवावे, आणि पैसे गेले असल्यास १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार नोंदवावी. ओटीपी कोणासही सांगू नये, हे पालकसभेत पुनःपुन्हा सांगावे.

शेवटचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आपले दोन्ही तालुके उसाचे. रांजणगाव व कुरकुंभ येथे कारखानदारीही आहे. कामासाठी कुटुंबे येतात, जातात, आणि स्वस्त योजना मिळाली की कार्ड बदलतात. बंद झालेला क्रमांक किमान ९० दिवसांनंतर कंपनी दुसऱ्या ग्राहकास देऊ शकते. म्हणजे आपल्या वहीतील जुन्या क्रमांकावर पाठविलेला मुलाच्या आजारपणाचा निरोप परक्या माणसाच्या हाती पडेल, आणि आई मात्र फडावर निश्चिंत राहील. बँक खात्यास जोडलेला क्रमांक बंद झाला, तर त्याचे ओटीपीही परक्याकडे जातील.

म्हणून माझी विनंती एवढीच की, सत्राच्या आरंभी आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर प्रत्येक पालकाचा क्रमांक स्वतः लावून पाहावा, घरातील किंवा शेजारचा दुसरा एक क्रमांक शाईने नोंदवहीत लिहावा, आणि पालकांना सांगावे, "कार्ड बदलाल त्या दिवशी शाळेस कळवा." या कामास वर्गामागे एखादी दुपार पुरेल.